इयर १२चे मार्क धरत नाहीत, मग पालकांनी नक्की करायचं काय?

केनेटकाठची

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

लेक सप्टेंबरपासून इथे इंग्लंडात सिक्स्थ फॉर्ममध्ये आहे (इयर १२ आणि १३, म्हणजे आपली अकरावी-बारावी). जीसीएसईला (इयर ११ची बोर्डाची परीक्षा, ९ ही सर्वोच्च ग्रेड) बायोलॉजीत ९, केमिस्ट्री आणि मॅथ्समध्ये ८ होते, म्हणून ए लेव्हललाही (सिक्स्थ फॉर्मचा दोन वर्षांचा कोर्स) तेच तीन विषय घेतले. मेडिसिन तिच्या डोक्यात आहे. (तिच्या बाबांच्या डोक्यात ती नर्सरीत असल्यापासून आहे.) हाफ टर्मच्या (ऑक्टोबरच्या सुट्टीच्या) आधी केमिस्ट्रीची पहिली टेस्ट झाली आणि तीत डी आला. तेव्हापासून घरात स्मशानशांतता.

आम्ही दोघं साताऱ्याकडचे. आमच्या वेळी दहावी झाली की अकरावीला सगळे सैल सोडायचे, कारण बोर्ड बारावीला. इथेही तसंच ऐकतेय, की इयर १२चे मार्क शेवटच्या ग्रेडमध्ये येत नाहीत. मग शाळा एवढी का मागे लागते? आणि खरंच मागे लागते म्हणावं तर काही दिवशी लेक दुपारी एकलाच घरी. 'फ्री पीरियड आहे' म्हणते आणि झोपते. इयर ११पर्यंत रोजचा होमवर्क मला ॲपवर दिसायचा, आता तोही धड दिसत नाही.

ट्यूशन लावावी का? विषय बदलावा का? की काहीच न करता गप्प बसावं? माझा कल तिसऱ्याकडे आहे, यजमानांचा पहिल्याकडे. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी लिहा प्लीज.

हॅरोकर

पहिल्या टेस्टला डी? स्वागत आहे क्लबात. आमच्या थोरल्याला फिजिक्समध्ये ई होता, धाकटीला यू. यू म्हणजे ग्रेडच नाही. दोघंही व्यवस्थित मार्गी लागली. बाकी सविस्तर कोणीतरी शिक्षक लिहितीलच, इथे दोन-तीन आहेत.

पाढे_पाठ

हॅरोकरांनी हाक मारलीच आहे तर लिहितो. मिडलंड्समधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात मॅथ्स शिकवतो, बायको शेजारच्या शाळेत केमिस्ट्री. खालचं अर्धं तिचं आहे.

आधी परीक्षेचं. पूर्वी इथे इयर १२च्या शेवटी एएसची परीक्षा असायची आणि ते मार्क ए लेव्हलमध्ये धरायचे. २०१५पासून विषयागणिक हे बदलत गेलं. आता इंग्लंडात दोन्ही वर्षांचा अभ्यास एकदम, इयर १३च्या मे-जूनमध्ये. त्यामुळे 'मार्क धरत नाहीत' हे तुम्ही बरोबर ऐकलंय. पण युनिव्हर्सिटीचा अर्ज जातो तो इयर १३ सुरू होताच, तेव्हा हातात खरी ग्रेड कुणाच्याच नसते. असते ती प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शिक्षकांनी वर्तवलेली. ती कशावर ठरते? बहुतेक शाळांत इयर १२च्या शेवटी, जून-जुलैला होणाऱ्या परीक्षेवर आणि वर्षभराच्या कामावर. मेडिसिन, डेंटिस्ट्री, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर. म्हणजे तुमच्या लेकीच्या बाबतीत पुढच्या उन्हाळ्यानंतर सुधारायला वेळच नाही. साताऱ्याची अकरावी आणि इथली इयर १२ यांच्यात फरक आहे तो हाच.

याचा अर्थ ऑक्टोबरमधला डी महत्त्वाचा नाही, जूनमधला असेल.

आता डी का येतो ते. जीसीएसईला केमिस्ट्रीत चांगली स्मरणशक्ती आणि नीटनेटकेपणा यांवर ८ मिळवता येतो. ए लेव्हलला पहिल्याच सहा-सात आठवड्यांत मोलची गणितं, बाँडिंग आणि अणुरचना अंगावर येते. आणि उत्तर कसं लिहायचं ते सगळं बदलतं. बायको नेहमी एक उदाहरण देते: आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना आयनायझेशन एनर्जी का वाढते? हुशार मूल लिहितं, 'कारण इलेक्ट्रॉन जास्त घट्ट धरलेला असतो.' खोटं नाही, पण मार्क नाहीत. मार्क स्कीमला (कशाला किती मार्क ते सांगणाऱ्या परीक्षकांच्या तक्त्याला) हवं असतं की केंद्रकातले प्रोटॉन वाढतात, शिल्डिंग (आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा) साधारण तेवढंच राहतं, अणूची त्रिज्या कमी होते, म्हणून बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरचं आकर्षण वाढतं. एकेका दुव्याला एकेक मार्क. एक दुवा गाळला की मार्क गेला. पहिल्या टर्ममध्ये निम्मा वर्ग यात अडकतो.

तेव्हा ट्यूशनच्या आधी एक करा. तपासलेला पेपर तिच्याबरोबर बघा, ती दाखवायला तयार असेल तर. मार्क नक्की कुठे गेले? विषयच कळला नाही, की कळला पण गणितात चुकलं, की कळलं आणि लिहिता आलं नाही? पहिल्यासाठी शिक्षकांना भेटायचं. जवळपास प्रत्येक शाळेत जेवणाच्या सुट्टीत किंवा शाळेनंतर सपोर्ट सेशन असतं आणि ते अर्धं रिकामं असतं. दुसऱ्यासाठी सराव. तिसऱ्यासाठी जुने पेपर आणि मार्क स्कीम, दोन्ही बोर्डाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात.

फ्री पीरियडबद्दल: एका विषयाला आठवड्याला साधारण चार-पाच तास शिकवणं असतं आणि तेवढाच वेळ मुलाने स्वतः द्यावा अशी अपेक्षा असते. तो वेळ टाइमटेबलातच मोकळा ठेवलेला असतो. दुपारी एकला येऊन झोपणं पहिल्या टर्ममध्ये सगळेच करतात. लायब्ररीत बसून यायचं ठरलं की हळूहळू बदलतं. घरी बसून अभ्यास करण्यापेक्षा कॉलेजात संपवून घरी येणं या वयात सोपं जातं, हे माझं निरीक्षण.

विषय बदलायची खिडकी बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर बंद होते. आता तो विचार सोडा. आणि मेडिसिन म्हटल्यावर केमिस्ट्री सोडून चालणारही नाही, बहुतेक मेडिकल स्कूल ती मागतातच.

कोथरूड_ते_ब्रिस्टल

मी जरा उलट बोलतो. मुलं 'सेटल' होतील म्हणून वाट बघत बसलं की वर्ष जातं. मी मुलाला पहिल्याच आठवड्यात ट्यूशन लावली आणि विषयही चार घ्यायला लावले. आपण फर्ग्युसनला सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी क्लास करून जगलोच ना? या मुलांना आठवड्यात पंधरा तास शाळा आणि वर फ्री पीरियड!

पाढे_पाठ

ब्रिस्टलकर, चार विषयांचं गणित मांडून बघा. युनिव्हर्सिटीची ऑफर जवळजवळ नेहमी तीन विषयांवर येते. चौथ्या विषयातल्या ए स्टारने (सर्वोच्च ग्रेड) तिसऱ्यातल्या बीची भरपाई होत नाही. अपवाद एकच, फर्दर मॅथ्स (मॅथ्सच्या पुढचं मॅथ्स, वेगळा विषय म्हणून). मॅथ्स, फिजिक्स, इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना ते खरंच उपयोगी पडतं आणि शिकायला मजाही येते. (पक्षपाती आहे, माहीत आहे.) बाकी चौथा विषय मूल स्वतःहून, हट्टाने मागत असेल तरच.

चौथ्याच्या जागी ईपीक्यू नावाचा प्रकार बघा. मुलं स्वतः निवडलेल्या विषयावर मोठा प्रकल्प करतात, त्याला अर्ध्या ए लेव्हलइतके यूकास (युनिव्हर्सिटी प्रवेशाचे अर्ज घेणारी संस्था) पॉइंट असतात, आणि काही युनिव्हर्सिट्या त्यावर ऑफर थोडी खालीही आणतात.

ट्यूशनला माझा सरसकट विरोध नाही. पण तासाला चाळीस-पन्नास पाउंड देऊन शाळेत झालेलं परत ऐकायचं, यात मुलाला 'अभ्यास झाला' असं वाटतं आणि हाताने काहीच सोडवलेलं नसतं.

कोथरूड_ते_ब्रिस्टल

हम्म. चौथा विषय त्याने ख्रिसमसनंतर सोडलाच, ते लिहायचं राहिलं :) ट्यूशन मात्र चालू आहे आणि चालू राहणार.

चिंगी_मिल्टन_कीन्स

(आईच्या आयडीवरून तिचा मुलगा लिहितोय. मी इयर १३मध्ये आहे. आईने हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, मग मी म्हटलं मलापण टाइप करू दे. मराठी चुकली तर सॉरी.)

इयर १२ला सगळ्यात हार्ड काय होतं सांगू का. अभ्यास नाही. इयर ११पर्यंत मी वर्गात टॉपला होतो आणि अचानक सगळेच टॉपवाले एका वर्गात आले. मी बदललो कॉलेज, माझे सगळे फ्रेंड्स जुन्या शाळेत राहिले. पहिले खूप आठवडे मी लंच एकटा खाल्ला, ते मी आईला कधी नाही सांगितलं. (आता तिने वाचलं.)

काकूंना तीन गोष्टी. दारात पाय ठेवल्या ठेवल्या 'टेस्ट कशी गेली' नका विचारू, जेवताना विचारा, किंवा गाडीत. गाडीत बेस्ट, कारण एकमेकांकडे बघावं नाही लागत. दुसरं, पेरेंट्स इव्हनिंगला आमच्या वतीने बोलू नका, टीचर आम्हाला विचारतो आणि उत्तर बाबा देतात, खूप ऑकवर्ड. तिसरं, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या ग्रेड टाकू नका. प्लीज. म्हणजे चांगल्या असल्या तरी नको. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना तीन आंट्यांनी मला माझे प्रेडिक्टेड विचारले.

चिंगी_मिल्टन_कीन्स

वरचं माझ्या चिरंजीवांनी लिहिलंय. मी वाचलं. लंचबद्दल आमचं आता बोलणं झालंय. ग्रुपवरची पोस्ट काढली आहे.

हॅरोकर

चिंगीताई, लेकाला सांगा मराठी उत्तम आहे. 'आंट्यांनी' तर खासच.

कागदवाली_काकू

अभ्यासावर सगळे बोलतायत, मी माझं आवडतं रटाळ काम करते. मुलांच्या अभ्यासात आपण लुडबुड करायची नसेल तर वेळ या गोष्टींना द्या. या फक्त पालकच करू शकतात.

सगळ्यात सोपं, चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता. मूल सोळाचं झालं की पुढच्या ३१ ऑगस्टला तो आपोआप थांबतो. शिक्षण चालू आहे असं एचएमआरसीला (कर खात्याला) कळवलं तर पुढे चालू राहतो, मूल वीसचं होईपर्यंतसुद्धा. पत्र येतं, आपण ते जाहिरात समजून बाजूला ठेवतो. ए लेव्हल, टी लेव्हल (व्यवसायाभिमुख कोर्स) सगळं यात बसतं. कमाई ८०,००० पाउंडांच्या वर असेल तर तो सगळा परत भरावा लागतो, तो भाग वेगळा.

दुसरं जास्त गंभीर आहे आणि आपल्या लोकांत यावर कोणी बोलत नाही. वर्क व्हिसावर आलेल्या कुटुंबांनी आत्ताच, इयर १२मध्येच, तारखा मांडून बघा. इंग्लंडमध्ये होम फी (इथल्या मुलांची कमी फी) आणि स्टुडंट फायनान्सचं लोन मिळायला साधारण नियम असा की कोर्सच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मुलाला सेटल्ड दर्जा, म्हणजे आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व, असायला हवा आणि त्याआधीची तीन वर्षं वास्तव्य इथे हवं. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या कोर्सला तो दिवस १ सप्टेंबर धरतात. दीर्घ वास्तव्याची वेगळी वाट आहे: अठरा पूर्ण झालेल्या मुलाने निम्मं आयुष्य इथे काढलेलं हवं, अठराच्या आतल्याने सात वर्षं. २०२५-२६ला होम फी जास्तीत जास्त ९,५३५ पाउंड होती. ओव्हरसीज फी त्याच्या कित्येक पट, आणि त्यावर सरकारी लोन नाही. मुलाचा अर्ज गेल्यावर हे कळलं तर घरात काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आयएलआरचे नियम बदलण्याच्या हालचाली चालू आहेत, म्हणून व्हॉट्सॲपवर न विचारता सरकारी साइट आणि युनिव्हर्सिटीचं फी ऑफिस यांनाच विचारा.

मेडिसिनवाल्यांसाठी: यूकॅट ही प्रवेशपरीक्षा इयर १२ संपल्यावरच्या उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. वर्षात एकदाच देता येते. आणि 'सुट्टीत पुण्याला जातोय, आल्यावर बघू' असं ठरवणाऱ्यांनी चांगल्या तारखा गेल्यावर रडायचं नाही. भारतात जायचंच तर तिकीट काढायच्या आधी यूकॅटची तारीख ठरवा.

पर्सनल स्टेटमेंटही बदललंय. २०२६च्या प्रवेशांपासून सलग निबंध नाही, तीन प्रश्नांची उत्तरं: हा विषय का, शिक्षणाने काय तयारी झाली, शिक्षणाबाहेर काय केलंत. एकूण मर्यादा तीच, ४,००० अक्षरं. तेव्हा चुलतभावाने चार वर्षांपूर्वी लिहिलेला नमुना मुलांना देऊ नका. तिसऱ्या उत्तरासाठी केअर होममधलं किंवा चॅरिटी शॉपमधलं नियमित काम इयर १२मध्येच सुरू व्हायला हवं. आठवड्याला दोन तास पुरतात, पण टिकलं पाहिजे.

केनेटकाठची

काकू, चाइल्ड बेनिफिटचं पत्र आत्ता बिलांच्या ढिगातून काढलं. खरंच होतं!

आम्ही नागरिक आहोत, त्यामुळे फीचा प्रश्न नाही. पण दिराची मुलगी इयर १२लाच आहे आणि ते तीन वर्षांपूर्वी आलेत. त्यांना हा प्रतिसाद पाठवते.

लीथचा_वारा

एडिंबराहून लिहितोय. स्कॉटलंडमध्ये नव्याने आलेल्यांनी हा धागा वाचून घाबरू नये किंवा गाफीलही राहू नये. आमच्याकडे एस५ला, म्हणजे साधारण त्याच वयात, हायरच्या परीक्षा असतात, बहुधा पाच विषय, आणि त्या खऱ्या परीक्षा आहेत. स्कॉटिश युनिव्हर्सिटीचा अर्ज बहुतांशी त्यांवरच उभा असतो. तेव्हा 'पहिलं वर्ष धरत नाहीत' हे वाक्य सीमेच्या या बाजूला चालत नाही.

ओव्हरऑल_बाबा

इतके प्रतिसाद झाले आणि ए लेव्हल, मेडिसिन, ए स्टार याशिवाय शब्द नाही. माझा मुलगा इंजिनिअरिंगची टी लेव्हल करतोय. दोन वर्षं, त्यात किमान ३१५ तास, म्हणजे साधारण ४५ दिवस, खऱ्या कंपनीत काम. एक टी लेव्हल यूकासच्या हिशोबात तीन ए लेव्हलइतकी: सर्वोच्च ग्रेडला १६८ पॉइंट, म्हणजे तीन ए स्टार. तरी मंडळाच्या दिवाळीत 'अरेरे, मग पुढे काय?' असं ऐकावं लागतं. पुढे डिग्री अप्रेंटिसशिप, पगार घेऊन, फी न भरता. मिळाली तर. त्यालाही स्पर्धा प्रचंड आहे, ऑक्सफर्डपेक्षा कमी नाही असं तो म्हणतो.

पालक म्हणून माझं काम होतं त्याला पहाटे सहाच्या बसला उठवणं आणि नातेवाइकांना आवरणं. दुसरं जास्त कठीण गेलं.

पाढे_पाठ

ओव्हरऑल बाबा, शंभर टक्के. माझ्या मॅथ्सच्या वर्गातून दरवर्षी दोघं-तिघं अशी असतात की ज्यांना टी लेव्हलला जायचं होतं आणि घरच्यांनी ए लेव्हलला बसवलं. फेब्रुवारीपर्यंत ती वर्गात मागच्या बाकावर गप्प होतात.

आयडी_नवीन_घेतलाय

नेहमीचा आयडी वापरत नाही, ओळखीचे बरेच आहेत इथे.

आमची मुलगी जीसीएसईला सगळीकडे ८-९. इयर १२च्या जानेवारीत सकाळी उठेचना. पोटात दुखतं, डोकं दुखतं. आम्ही आधी फोन काढून घेतला, मग देवाचं केलं, मग सासूबाईंनी दृष्ट काढली. शाळेची हजेरी घसरली तसा हेड ऑफ इयरचा फोन आला. बाईंनी ओरडण्याऐवजी आम्हालाच विचारलं, तुम्ही दोघं कसे आहात? मग जीपी (फॅमिली डॉक्टर), मग काउन्सेलिंगच्या रांगेत नंबर. रांग लांब होती, तोवर शाळेतल्याच काउन्सेलरने निभावलं. तिने इयर १२ पुन्हा केलं, एक विषय बदलून. शाळेने परवानगी दिली, सगळ्या देत नाहीत. १६ ते १९च्या शिक्षणात तिसरं वर्ष होऊ शकतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

भारतात कोणालाच सांगितलं नाही. फोनवर आजी विचारायची, 'किती टक्के?' आणि लेक फोन माझ्या हातात द्यायची. एवढंच लिहायचं होतं. झोप, जेवण, मैत्रिणी यांत अचानक फरक पडला तर ग्रेडच्या आधी ते बघा. पालकांशी बोलायचं नसेल तर मुलं चाइल्डलाइनला (मुलांसाठीची हेल्पलाइन) स्वतः फोन करू शकतात, एकोणीस वर्षं पूर्ण होईपर्यंत.

हॅरोकर

नवीन आयडी, लिहिल्याबद्दल आभार. लेक आता कशी आहे?

आयडी_नवीन_घेतलाय

बरी आहे. भांडते, म्हणजे बरीच आहे.

कोथरूड_ते_ब्रिस्टल

वरचा प्रतिसाद वाचून ट्यूशनबद्दल मुलाला आज विचारलं, हवी की नको. म्हणाला फिजिक्सची ठेवू, मॅथ्सची नको. विचारलं तर उत्तर असतं त्याच्याकडे.

केनेटकाठची

सगळ्यांचे आभार. काल लेकीला रीडिंग स्टेशनला सोडताना गाडीत विचारलं (मिल्टन कीन्सच्या शहाण्या मुलाचा सल्ला). तिने पेपर रात्री स्वतः दाखवला. पाढे_पाठ म्हणतात तेच: मोलच्या गणितात सगळे मार्क, स्पष्टीकरणाच्या प्रश्नांत जवळपास शून्य. 'सजेस्ट' आणि 'एक्सप्लेन' दोन्हीला एकाच छापाची उत्तरं. मोलचं श्रेय बाबांना, त्यांचं अकरावीचं पाठांतर अजून शाबूत आहे. आता ते म्हणतात ट्यूशन नको, मीच शिकवतो. हे ट्यूशनपेक्षा जास्त धोक्याचं वाटतंय मला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीतल्या सेशनला जाणार आहे म्हणाली. परीक्षा बोर्ड ओसीआर. जुने पेपर शोधले तर दोन वेगवेगळे केमिस्ट्री दिसतायत, ए आणि बी. कुठलं घ्यायचं?

पाढे_पाठ

बायकोला विचारलं. ए आणि बी हे वेगळे अभ्यासक्रम आहेत, बीला सॉल्टर्स म्हणतात, धडे प्रत्यक्ष वापराच्या गोष्टींभोवती रचलेले असतात. प्रश्नांची धाटणी वेगळी, क्रमही वेगळा. बहुतेक शाळा ए घेतात, पण लेकीच्या वहीवर किंवा पुस्तकाच्या कव्हरवर बघून खात्री करा. २०१५च्या आधीचे पेपर जुन्या अभ्यासक्रमाचे आहेत, ते सरावाला चालतील पण काही प्रश्न तिच्या बाहेरचे असतील. सुरुवात पूर्ण पेपरने नको. अणुरचना आणि बाँडिंग एवढेच प्रश्न वेगळे काढा, तिला लिहू द्या, आणि मार्क स्कीम घेऊन तिचं तिलाच तपासू द्या. बाबांनी शेजारी बसायचं नाही.

केनेटकाठची

ए आहे, कव्हरवर लिहिलंय. बाबांना निरोप दिला, ते आता वीकेंडला प्रिंटआउट काढून देण्याच्या कामावर आहेत.